तांडेलांची पोचपावती

दिल्लीत एक सुरक्षा सचिव होते, खांडेपारकर. ऐट एवढी की खुर्चीत मावायचे नाहीत मेले! नौदलातल्या मुकुंद तांडेलांना देशाच्या हेरखात्याचं प्रमुख करायचं ठरलं, आणि ह्यांच्या पोटात दुखलं.

नेमणूक करणाऱ्या मंत्रीणबाईंसमोरच तांडेलांना म्हणाले, "बोटी हाकणाऱ्याला गुपितं काय कळणार? मला ठाऊक नाही असं एक तरी गुपित सांगा, नाहीतर चालू लागा!"

तांडेलांच्या कपाळाची शीर तडतडली. "ते तुमच्याच कपाटात आहे, साहेब. मार्चात मी धाडलेला लखोटा आणवा."

शिपायानं लखोटा आणला. लाखेचं सील जसंच्या तसं!

मंत्रीणबाई चमकल्या. "हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"आमच्या गुप्त पत्राच्या आत पोचपावती असते, बाई. फोडणारा ती सही करून परत पाठवतो. लखोटा घेतल्याची शिपायाची सही आली, साहेबांची पोचपावती आजवर आली नाही. शत्रूची बोट खाडीत शिरणार होती, ती अडवायची परवानगी मागितली होती मी. ती एप्रिलात शिरली. माझे नऊ खलाशी गेले."

खांडेपारकर पुटपुटले, "कामाच्या गडबडीत..."

तांडेलांनी लखोटा त्यांच्यापुढे आपटला. "फोडा आता. आणि मोठ्यानं वाचा!"

साहेबांना सील फोडवेना. बाईंनी तोवर तांडेलांच्या नेमणुकीवर सही ठोकली होती.