विहीर प्यालेला कोल्हा

एकदा काय झालं, वाळूच्या मुलखात एका कोल्ह्याला तहान लागली. तहान कसली, हावच ती! गावात एकच विहीर. ती त्यानं गटागटा पिऊन टाकली, पार तळापर्यंत. पोट फुगून पखालीएवढं झालं आणि स्वारी वाळूत पसार.

रांजणांत उरलं तीन दिवसांचं पाणी. राजा गुलबाजी म्हणाला, "मी मारून आणतो!" राजाच तो. अक्कल बघून का कुणी गादी देतं?

पहिल्या दिवशी निघाला भर दुपारी. अंगात लोखंडी चिलखत, पुढं ढोल. ढोल ऐकून कोल्हा पळाला आणि राजा चिलखतात वांग्यासारखा भाजून निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं चिलखत टाकलं, सदरा टाकला, पागोटंही टाकलं. पाणी मात्र जपलं, बरं का. म्हणे, घशाला कोरड पडली की पिऊ! मग काय, चक्कर येऊन पडला उताणा. शेजारी मडकं भरलेलंच. उंटावर आडवा घालून आणावा लागला.

तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे राजा शिकारी केरूबाईच्या दारात, मान खाली घालून. "मावशे, आज कोल्हा सापडला नाही तर गाव तहानेनं मरेल."

"आलास? दोन दिवस भाजून घेतल्यावर?" केरूबाई कडाडली. "सैल सुती अंगरखा घाल. डोकं, मान झाक. आणि तहानेची वाट न बघता घोट घोट पीत राहा. मडक्यातलं पाणी कुणाला जगवत नाही, पोटातलं जगवतं."

मग तांबडं फुटायच्या आत दोघं माग काढत निघाली. ऊन चढलं तशी केरूबाई एकुलत्या एका बाभळीखाली बसली.

"बसलीस काय? माग पुढं गेलाय!"

"जाऊ दे. दुपारी त्यालाही सावली लागेल, आणि सावली इथंच आहे. वारा तोंडावर घे, म्हणजे त्याला आपला वास जाणार नाही, नि हलू नकोस."

राजा बसला. नाकावर मुंगळा चढला. हलला नाही. मुंगळा चावला. तरी हलला नाही! मग आला कोल्हा, पोट डचमळत. राजानं बाण लावला, तोच केरूबाईनं त्याचा कान धरला. "पोट फोडलंस तर पाणी वाळू पिईल, मुडद्या!"

राजाला पटलं. त्यानं हळूच कमरेचा शेला सोडला, फास केला आणि कोल्ह्याच्या पायांत टाकला. सापडला की हो!

उन्हं कलल्यावर कोल्ह्याला विहिरीवर उलटा टांगला. राजानं त्याच्या काखेत गुदगुल्या केल्या. कोल्हा खो खो हसला आणि भळाभळा विहीर बाहेर! काठोकाठ!

लोक केरूबाईला खांद्यावर घ्यायला धावले. ती म्हणाली, "मला कसलं उचलता? आधी त्या कोल्ह्याला वाटीभर पाजा. पार रिकामा झालाय बिचारा."

तेव्हापासून गाव सुखात आहे. कोल्हाही पाणी पितो, पण वाटीनं. आता मिटा डोळे. कुणाला तहान लागली असेल तर आत्ताच बोला. झोप लागल्यावर मला उठवलंत, तर गाठ माझ्याशी आहे!