न पुसलेल्या तलवारी

एका राज्यात पाऊस बेताचा पडे, आणि डोंगरापलीकडच्या राज्यातही तेवढाच. दोघांच्या मध्ये खिंड होती, खिंडीत एक झरा होता. पाणी कुणीकडे वळवायचे यावरून दोन्ही राजे लढत. लढून थकले की तह करत. तहाची रीत अशी, की दोघांनी आपापली तलवार झऱ्याकाठी पुरायची, वर शिळा ठेवायची, मिठी मारायची आणि मागचे काढायचे नाही अशी शपथ घ्यायची. तलवार मात्र पुसायची नाही. पुसली तर रक्त सांडल्याचे कबूल केल्यासारखे होईल, म्हणून.

त्या जमिनीला एका मांत्रिकाचा शाप होता. पुरलेले लोखंड तिथे उगवे. काही वर्षे गेली की शिळेखालून पाती वर येत, कोंब येतात तशी. शिळा उलटली की झरा आटे, आणि राजे त्याच तलवारी उपटून पुन्हा लढायला जात.

खिंडीच्या अलीकडचा राजा मेघवान. त्याचा दूत सुभानजी. तह त्याच्याच हातून होत, आणि दूताने आपले एक मूल पलीकडे ओलीस ठेवावे अशी अट असे. पहिल्या तहाला त्याने थोरला मुलगा कोंडाजी दिला. तह मोडला तसा पलीकडच्या राजाने, कुंभकेतूने, त्याला मारले. दुसऱ्या तहाला धाकटा हैबती गेला. तोही तह मोडला, आणि हैबतीचे काय झाले ते कुणी सांगितले नाही. तिसऱ्या तहाला मुलगी गेली, सरजा. आता घरात मूल उरले नव्हते, आणि शिळा हलू लागली होती.

सुभानजी खिंडीत जाऊन शिळेवर बसला. शेजारी एक टिटवी होती.

"ऊठ," टिटवी म्हणाली. "तुझ्या वजनाने ती थांबायची नाही."

"ठाऊक आहे. पाय दुखतात म्हणून बसलो."

"पुन्हा तह करायला आलास?"

"मला दुसरे काही येत नाही, बाई."

"मग तीन कामे ऐक. शिळा काढ. तलवारी राजांकडून धुऊन घे. आणि ज्याचे रक्त असेल, त्याचे नाव मारणाऱ्याच्या तोंडून वदवून घे. नावाशिवाय ते सुटत नाही."

"तिसरे कठीण आहे."

"म्हणून तर पहिल्या दोन्ही कामांनाही आजवर कुणी हात लावला नाही."

सुभानजीने दोन्ही राजांना बोलावणे धाडले. दोघांच्या राज्यांत पाणी संपत आले होते, म्हणून ते आले.

"मागचे काढायचे नाही अशी शपथ आहे, सुभानजी," मेघवान म्हणाला.

"शपथ तुम्ही दोघांनी घेतली, महाराज. ज्यांची माणसे गेली, त्यांना कुणी विचारले नव्हते."

कुंभकेतू हसला. "मेघवाना, तुझा दूत म्हातारा झाला."

"झालो, महाराज. माझे मुलगे मात्र झाले नाहीत."

मग कुणी हसले नाही. शिळा काढली तसा झरा आटला, तळाशी डबके तेवढे उरले. राजे गुडघे टेकून त्यात तलवारी धुऊ लागले, पण डाग हलेनात. नावे त्यांना येत नव्हती. तेव्हा दोन्हीकडच्या गावांतून माणसे बोलावली. ती येऊन काठाने बसली. सुकलेले रक्त आपल्या माणसाला ओळखी. ते माणूस जवळ आले की रक्त ओले होई.

एक मेंढपाळ म्हातारी कुंभकेतूजवळ आली आणि त्याच्या पात्याने ओल धरली.

"हा माझा भिवा," ती म्हणाली. "तुमच्या फौजेला वाट दाखवीना, म्हणून."

"मला आठवत नाही, आजी."

"मला आठवतो. तुम्ही फक्त नाव घ्या."

"भिवा," कुंभकेतू हळूच म्हणाला. डाग सुटला.

असे दिवसामागून दिवस चालले. कोंडाजीचे नाव कुंभकेतूने घेतले. सुभानजीने मान हलवली आणि पाणी प्यायला उठला. तो मेघवानासमोरून जात असताना मेघवानाची तलवार ओली झाली.

सुभानजी थांबला. मेघवानाने मान खाली घातली.

"त्यांचा किल्ला आम्ही जाळला," तो म्हणाला. "धुरातून एक जण माझ्याकडे धावत आला. कोण ते मी विचारले नाही."

"कळले कधी?"

"त्याच संध्याकाळी."

"नाव घ्या, महाराज."

"हैबती."

डाग पाण्यातून निघून गेला. सुभानजीने वाकून पाते पाहिले. मग म्हणाला, "पात्याची दुसरी बाजू राहिली आहे. तीही धुवा."

शेवटचे नाव घेतले गेले तेव्हा दोन्ही तलवारी मिठासारख्या विरघळल्या. शाप सुटला आणि झरा फुटला. भांडण काही मिटले नाही. मात्र आता पाण्याची पाळी दोन्हीकडची माणसे झऱ्याशी बसून ठरवू लागली. ती ओरडत, एकमेकांची आई-बहीण काढत, आणि जेवायच्या वेळी घरी जात. ओलीस ठेवायची रीत बंद झाली.

सरजा डोंगर उतरून आली. बापाला तिने आधी एकच विचारले, "बाबा, धाकट्या दादाचे काही कळले?"

सुभानजीने तिला शेजारी बसवले आणि सगळे सांगितले, काही न गाळता. ती रडली. तिचे रडणे संपेपर्यंत तो बसून राहिला. त्याला आता कुठे जायचे नव्हते.

त्यांच्या खिंडीत पाणी वाहू लागले. जिथे अजून वाहत नाही, तिथेही कुणी गुडघे टेको.