दूधमाऊलीच्या पहिल्या पाजणीची कहाणी

ऐक गे दूधमाऊली, तुझी कहाणी.

आटपाट खाडी होती, खाडीत बेट होतं. बेटाचा राखणदार ख्रिस्ती देवळातला सांत बस्त्याव. त्या बेटावर डोंगरगावची कोन्सू नांदायला आली. निघताना आईनं तिला सांगितलं, "आपल्या डोंगरावर दूधमाऊली आहे. तिचा वसा घे. बाळंत झालीस की नऊ दिवस पहिली पाजणी परक्या तान्ह्याची, मग आपल्या लेकराची. परकं नसलं तर माऊलीच्या नावानं मेणबत्ती लाव. घेतलेला वसा मोडू नकोस." कोन्सूनं होय म्हटलं.

दिवस गेले, मास गेले, कोन्सूला मुलगा झाला. त्याच्या दोनच दिवस आधी शेजारच्या कायतानची बायको बाळंतपणात गेली, मागं तान्ही पोर राहिली. शेळीचं दूध तिला पचेना. पोर दिवसभर रडे, कुंपणाअलीकडे ऐकू येई. पण एका माडापायी दोन घरांचं सात वर्षं बोलणं नव्हतं. कोन्सूनं वशाची गोष्ट काढली, तशी सासू म्हणाली, "तुझी माऊली तुझ्या डोंगरावर. इथं तिचं काय? त्या घराची पायरी चढायची नाही." मग काय झालं?

पहिल्या दिवशी दारी एक म्हातारी आली. निळं लुगडं, अनवाणी पाय. म्हणाली, "बाये, कोणाचं तान्हं रडतं?" "शेजारचं, आजी." "मग पाजीत का नाहीस?" "सासूबाईंचा हुकूम नाही." म्हातारी निघून गेली. कोन्सूचं दूध थोडं आटलं.

दुसऱ्या दिवशी म्हातारी आली. "बाये, आज तरी पाजशील?" "आजी, माझ्याच लेकराला पुरत नाही." म्हातारी निघून गेली. दूध निम्म्यावर आलं.

तिसऱ्या दिवशी दूध पार आटलं. इकडे मुलगा रडे, तिकडे मुलगी रडे. कोन्सू उंबऱ्यावर बसून डोळे पुसू लागली. तों म्हातारी आली. "आज काय सांगतेस, बाये?" "आजी, आता माझ्यापाशी काहीच उरलं नाही." म्हातारी हसली. "मग द्यायला भ्यायचं कशाला?"

कोन्सू उठली. मुलाला सासूच्या मांडीवर ठेवलं. सासू ओरडली, "कुठं निघालीस?" "वसा पुरा करायला, आई." असं म्हणून कुंपणाची काटी सारली, कायतानच्या ओटीवर गेली. कायतान दचकला. "वहिनी, तुम्ही? घरचे काय म्हणतील?" "ते मी बघेन. पोर द्या इकडं."

पोरीला छातीशी धरलं, माऊलीचं नाव घेतलं. पोरीनं एकदा ओढलं, काही नाही. दुसऱ्यांदा ओढलं, काही नाही. तिसऱ्यांदा ओढलं, तों पान्हा फुटला! चोळी भिजली, पोरीची हनुवटी भिजली. पोर पोटभर प्याली नि निजली. कायताननं तोंड फिरवून डोळे टिपले.

कोन्सू घरी आली. आपल्या मुलाला घेतलं, तोही धाला. सासूनं शिव्या तोंडात आणल्या होत्या, नातवाची मिटलेली मूठ पाहून गिळल्या. म्हातारीला पेज द्यावी म्हणून कोन्सू दारी गेली, तर दारी कोणी नाही. ओल्या पावलांची रांग तेवढी डोंगराकडून नव्हे, बेटाच्या देवळाकडून आलेली. कोन्सूनं हात जोडले. माऊली आपल्या आधीच इथं नांदत होती, तिला कळलं.

सहा दिवस कोन्सू कुंपण ओलांडून गेली. नवव्या दिवशी सकाळी ती निघाली, तशी सासू म्हणाली, "थांब." कोन्सू उंबऱ्यातच थबकली. सासू अंगणात गेली, सात वर्षांत पहिल्यांदा हाक मारली, "अरे कायतान! उन्हाची सून कशाला तिकडं? पोर इकडंच आण. आणि तूही ये, पेज निवते आहे."

दूधमाऊली कोन्सूच्या घरी भरली, तशी ऐकणारणीच्या घरी भरो, सांगणारणीच्या घरी भरो, कुणाचं तान्हं उपाशी न राहो. साठां बोलांची ही कहाणी पाचां बोलीं सांगितली, देवाच्या दारी, माऊलीच्या पायी सुफळ झाली. आमेन.