लेकराला ओलांडलं

धावपट्टीशेजारचं कुरणवाडी गाव एका विमान कंपनीने दत्तक घेतलं. शाळेत बाकं आली, पटांगणात तीस रोपं लागली आणि कौतुक करून घ्यायला खुद्द अध्यक्ष धारपसाहेब आले. आभार मानायचं काम वत्सला घरत बाईंकडे होतं. हेडमास्तरांनी आधीच बजावलं होतं, "बाई, फक्त आभार. विमानांचा विषय काढाल तर बाकं परत जातील." बाईंनी आभार कागदावर लिहून आणले होते.

"हे गाव म्हणजे आमचं लेकरू!" साहेब म्हणाले. "बोला बाई, लेकराची काही तक्रार?"

बाईंनी आभाराचा कागद उघडला. पण समोर बसलेल्या पोरांकडे पाहिलं आणि तोंडातून निघालंच, "साहेब, लेकराला ओलांडू नये म्हणतात, वाढ खुंटते. तुमची विमानं तर शाळेच्या वेळात याला वीसदा ओलांडतात."

हेडमास्तरांनी डोळे मिटून घेतले. साहेब मात्र खो खो हसले. "अहो, उलटं ओलांडलं की दोष जातो! आमची विमानं परतही येतात."

"येतात ना! म्हणूनच पोरं होती तिथंच येतात," बाई म्हणाल्या. "दर विमानाला धडा थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. जूनपासून आम्ही पहिल्याच धड्यावर आहोत."

साहेब उठले. "हे पाहा बाई," एवढं म्हणाले, तोच डोक्यावरून विमान गेलं. आवाज विरल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "हे पाहा बाई..."

आणि परतीचं विमान आलं.