नथूच्या टमटमची बॅटरी आणि यमुनेचं उद्यापन

एका गावात एक भोळा टमटमवाला राहायचा. नाव नथू. सांगावं तेवढं करायचा, पण दिसेल तिथे करायचा.

त्याच्या बायकोचे, यमुनेचे, सोळा सोमवार पुरे झाले होते. आज उद्यापन. दुपारच्या आरतीआधी चुर्म्याचा नैवेद्य टेकडीवरच्या महादेवापुढे पोचायला हवा होता. आणि टमटम सुरूच होईना!

दस्तगीर मिस्त्री आले. बल्बाची तार बॅटरीला लावून पाहिली. बल्ब नुसता मिणमिणला.

"टोकांवर पांढरं साचलंय. पांढरं दिसलं की घासायचं, वर ग्रीस लावायचं. मी पाना घेऊन आलोच."

नथूनं टोकं घासली, ग्रीस लावलं. मग वर पाहिलं. ओसरीवर त्याचे वडील बसलेले, कपाळावर भस्माचे पट्टे.

"सूनबाई, धाव गं!"

यमुना धावली. म्हाताऱ्याचं कपाळ आरशासारखं चकाकत होतं.

"अहो, मामंजींना घासलंत?"

"पांढरं साचलं होतं."

मिस्त्री परतले नि कपाळावर हात मारून घेतला. "लेका, बापाला घासतात? आणि तारा न सोडताच टोकं घासलीस? सोडताना आधी काळी, मग तांबडी. नाहीतर ठिणगी उडते!"

मिस्त्री इंजिनाचा सैल पट्टा ताणायला बसले. तेवढ्यात यमुना म्हणाली, "अहो, तांबडीला सोडा. गाईचा घास काढलाय."

नथूनं आधी गोठ्यातली काळी म्हैस सोडली. म्हशीनं ओसरीवर ठेवलेला निम्मा चुर्मा फस्त केला.

"अहो, हे काय केलंत?"

"ठिणगी उडाली असती ना!"

यमुनेनं डोळे पुसले. उरलेला चुर्मा पदराखाली घेतला. "देव भावाचा भुकेला. चला."

ती नि मामंजी मागे बसले, नथूनं दांडी धरली. गल्लीतल्या चौघांनी धक्का मारला. टमटम धडधडली, बल्ब लख्ख पेटला.

मिस्त्री ओरडले, "नथू, गाडी फिरती ठेव! फिरेल तशी बॅटरी भरेल!"

देऊळ आलं. टमटम थांबेना. देवळाभोवती एक फेरी झाली, दोन झाल्या.

"अहो, मला उतरू द्या!"

"फिरती ठेवायचीय."

यमुना दर फेरीला दारासमोर हात जोडी. सोळाव्या फेरीला डिझेल संपलं. टमटम नेमकी दारात थांबली, आणि आरतीची घंटा वाजली. यमुनेनं उडी मारली, चुर्मा देवापुढे ठेवला. उद्यापन झालं, मन निवलं.

प्रसाद घेऊन ती बाहेर आली. पाहते तर नथू घामाघूम होऊन टमटम ढकलत देवळाभोवती फिरतोय, तोंडानं "भुर्रर्र" करतोय. आत मामंजी दांडी धरून बसलेले.

पुजारीबुवांनी कौतुकानं विचारलं, "नथूभाऊ, तुमचाही नवस का?"

"छे हो बुवा, नवस तिचा. मी बॅटरी भरतोय!"