राजकन्येचे तिसरे काम

एका राज्यात काम सगळेच करीत, पण कामात मन कोणाचेच लागत नसे. राजा हेमांगदाने एका जादूगाराच्या विद्येला भर दरबारात पोरखेळ म्हटले होते. जाताना जादूगार म्हणाला, "आजपासून तुझ्या राज्यात कोणालाच आपले काम आपले वाटणार नाही." तेव्हापासून कुंभार मडके घडवी आणि तोंड फिरवी. गवई गाता गाता जांभई देई. आया अर्ध्या अंगाईत गप्प होत.

राजाची एकुलती एक मुलगी मृगावती वीस वर्षांची होती. बागेतल्या निळ्या पक्ष्याला तिने उपाय विचारला.

पक्षी म्हणाला, "राजरक्ताच्या माणसाला सोडवणार नाही असे काम सापडले, तर शाप सुटेल. तीन कामे करून पाहता येतील. प्रत्येक कामामागे तुझ्या तारुण्याची सात वर्षे मी घेईन."

"घे," मृगावती म्हणाली.

आधी ती विणकराकडे राहिली. वर्षाअखेर तिने असा शालू विणला, की त्यावरच्या मोगऱ्याला वास येई.

"दुसरा लावू मागावर?" विणकराने विचारले.

"नको," ती म्हणाली. पक्षी आला आणि सात वर्षे घेऊन गेला.

मग तिने नाव वल्हवली. पूर आला तरी नदी तिच्या नावेपुरती शांत वाहू लागली. पण पैलतीर दिसले की मृगावतीला सुटल्यासारखे वाटे. पक्षी पुन्हा आला. आता पाण्यात तिला स्वतःच्या जागी आईचा चेहरा दिसे.

तिसरे काम शोधायचे तिला बळ उरले नव्हते. ती घाटावर बसून राहिली. तिथे एक बेवारस म्हातारी मरून पडली होती आणि लोक तिला वळसा घालून जात होते. मृगावतीला ते बघवेना. तिने पाणी आणले, म्हातारीच्या पायांचा चिखल धुतला, केसांचा गुंता बोटांनी सोडवला. "झालं हं, मावशी," ती म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशी आणखी एक प्रेत आले, तेव्हा ती कोणी न सांगता उठली.

वर्षभर ती बेवारस मेलेल्यांना न्हाऊ घालत होती. पक्षी शेवटची सात वर्षे घेऊन गेला, ते तिला कळलेही नाही. त्याच दिवशी कुंभाराने ओले मडके उराशी धरले. गवयाचे डोळे भरून आले.

राजा हत्तीवरून आला आणि दहा पावले दूर थांबला. "मुली, शाप सुटला. आता हे टाक आणि घरी चल."

"टाकवत नाही, महाराज. म्हणूनच तर सुटला."

"प्रेतांना लागलेले हात सिंहासनाला लागणार नाहीत."

राजाने हत्ती वळवला. पुतण्याला युवराज केले. कुंभार गात गात बाजारातून जाई; मृगावती दिसली की गाणे थांबवून पलीकडच्या कडेने चाले.

"माझी वर्षे परत दे," तिने एकदा पक्ष्याला म्हटले.

"ती मी खाल्ली," पक्षी म्हणाला.

पुढे राजा वारला. राज्यात आता प्रत्येकाला आपापले काम प्रिय होते, आणि राजाला अखेरचे न्हाऊ घालणे हे कोणाचेच काम नव्हते. प्रधानाने मृगावतीला मागच्या दाराने आत घेतले.

तिने कढत पाण्यात गार पाणी ओतले, हात घालून पाहिले. मग बापाचे कपाळ धुतले, दाढी विंचरली, एकेक बोट पुसले.

"आटपले का?" प्रधानाने दाराबाहेरून विचारले. "नवे महाराज खोळंबले आहेत."

"कानांमागे राहिले आहे अजून," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा तांब्या भरून घेतला.