हळदीचा अंगठा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूवर असा काही वैतागला, की शिकलेली सारी विद्या गाठोड्यात बांधून घरी निघून जावे, असे त्याच्या मनाने घेतले. गुरूने त्याला मारले नव्हते, उपाशी ठेवले नव्हते, चारचौघांत पाणउताराही केला नव्हता. कारण विचाराल तर चिमूटभर हळद. माणसे किती लहान गोष्टींवरून संतापतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

हे गुरुजी नदीकाठच्या एका गावात राहत. हाताने कागद करावा, त्या कागदाची कार्डे आणि पाकिटे करावीत आणि त्यांवर सुंदर अक्षर काढावे, ही त्यांची विद्या. फोन तेव्हा घरोघरी आलेला नव्हता. लोकांचे सुखदुःख टपालानेच ये-जा करी, आणि गुरुजींच्या हातचे कार्ड आले की लोक ते देवघराशेजारी लावून ठेवीत. त्यामुळे दूरदूरचे तरुण त्यांच्याकडे शिकायला येत.

रंगनाथ हा त्यांतला सर्वांत हुशार, आणि आपण हुशार आहोत हे सर्वांत आधी कळलेला. त्याची आई तो लहान असतानाच गेली होती. वडिलांची बहीण, हौसाआत्या, हिने त्याला वाढवले. 'कागदावर रेघोट्या मारून कुणाचं पोट भरलंय?' असे म्हणून वडिलांनी त्याची वाट अडवली, तेव्हा ही आत्याच पदर खोचून भावापुढे उभी राहिली होती. एसटीत बसवताना तिने एवढेच सांगितले होते, "पोहोचलास की कार्ड टाक. मला वाचता येत नाही, पण आलेलं समजतं."

आता या दिवट्याने काय करावे? एक साधे कार्ड टाकावे की नाही? पण आत्याला पाठवायचे कार्ड साधे कसे चालेल! ज्या विद्येसाठी ती भांडली, ती विद्या पहिल्याच कार्डात दिसली पाहिजे, असे त्याने मनाशी ठरवले. एकदा कागदाचा पोत जमला नाही, एकदा शाई फुटली, एकदा अक्षर मनासारखे उतरले नाही. पावसाळा आला आणि गेला. तिकडे आत्या रोज पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसे, आणि इकडे हा शाईच्या छटा घोटत बसे.

त्यात गुरुजींच्या सवयी. तिकीट ते कार्डाच्या कोपऱ्यात अगदी सरळ चिकटवीत. रंगनाथला वाटे, जरासे तिरके लावले तर काय बिघडेल? पत्ता ते दुकानाच्या पाटीसारखा ठसठशीत लिहीत. आणि सर्वांत असह्य गोष्ट म्हणजे, घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यांना ओल्या हळदीचा अंगठा लावीत. दिवस दिवस खपून केलेल्या शुभ्र कागदावर तो पिवळा डाग! रंगनाथने एकदा विचारलेही होते, "गुरुजी, हे कशाला?" तर म्हातारबुवा म्हणाले, "लावत जा. कळेल." झाले. असे उत्तर मिळाल्यावर कुणाचे डोके फिरणार नाही?

दिवाळीच्या थोडे आधी अखेर कार्ड जमले. कागद असा, की हात फिरवावा तर सायीवरून फिरवल्यासारखे वाटे. तिकिटासाठी तर त्याने पोस्टातल्या कारकुनाला पुरते पिडले होते. रोज खिडकीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, "जरा ती दुसरी पानं दाखवता का?" शेवटी निळ्या खंड्याच्या चित्राची दोन तिकिटे मिळाली, तेव्हा कारकुनाने हात जोडले, "घे बाबा, आणि पुन्हा येऊ नकोस." आत्याच्या घरामागच्या ओढ्यावर, बाभळीच्या फांदीवर असाच एक खंड्या बसायचा. ती भांडी घासताना त्याच्याशी बोलायची. रंगनाथने शाईसुद्धा त्याच्या पंखांच्या निळीला जुळवून घोटली. एवढ्याशा तिकिटात सबंध ओढा मावतो, हे त्याला त्या दिवशी कळले आणि खरोखर आनंद झाला. या आनंदात खोटे काही नव्हते, हेही नोंदवून ठेवतो.

मग त्याने एक शेवटची करामत केली. समोरचा एक कोपरा कात्रीने हळुवार वळण देऊन कापला, म्हणजे पाहणाऱ्याची नजर त्या वळणावरून घसरत थेट खंड्यावर जाईल.

मोठ्या ऐटीत त्याने ते कार्ड गुरुजींपुढे ठेवले. गुरुजींनी ते उचलले, अंगठा कोपऱ्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"हा कोपरा कुठे गेला?"

"काढला, गुरुजी. त्यानं नजर तिकिटाकडे जाते."

"कुणाला पाठवतोयस?"

"आत्याला."

गुरुजींनी कपाळाला हात लावला. ते आत गेले, हळदीची वाटी घेऊन आले, आणि चारही कोपऱ्यांवर अंगठा दाबला. कापलेल्या कोपऱ्यावर तर असा रगडला, की हळदीचा एक ओघळ खंड्याच्या शेपटीपर्यंत गेला.

"हं. आता टाक पेटीत."

रंगनाथचा तोल सुटला. "गुरुजी, तुम्हाला सुंदर काही बघवतच नाही का? महिने घातलेत मी यात! स्वयंपाकघरातलं फडकं करून टाकलंत त्याचं!"

गुरुजीही चिडले. "अरे, कार्ड काय बघतोस? कुणाला चाललंय ते बघ!" एवढे म्हणून ते वाटी आपटून निघून गेले.

रंगनाथने ते कार्ड टराटरा फाडले. गाठोडे बांधायला घेतले, पुन्हा सोडले, कारण दुसरे तिकीट अजून शिल्लक होते. रागाच्या भरात माणसाचे हात कधीकधी फार सुरेख चालतात. दुसरे कार्ड पहिल्याहून देखणे झाले. तेच अक्षर, तेच वळण, तोच कापलेला कोपरा. मजकूर दोनच ओळींचा होता, 'आत्या, माझा हात आता बसला. दिवाळीला येतो', आणि खाली नाव. पत्ता तेवढा सुटा लिहिला, मजकुराची अक्षरे मात्र वेलींसारखी एकमेकांत गुंफलेली. गुरुजी नदीवर गेलेले पाहून त्याने ते हळद न लावताच लाल पेटीत टाकले. आत पडल्याचा तो हलका आवाज ऐकून त्याला असे हलके वाटले, की सारा राग निवळला.

काही दिवसांनी तो अंगणात हौदातल्या लगद्यात कोपरापर्यंत हात घालून उभा होता. दारात कुणीतरी आले. पाहतो तो आत्या! एरवी वेशीपासूनच "अरे गाढवा, अरे कार्ट्या" अशी तिची तोफ सुरू व्हायची. आज तोंडातून शब्द नव्हता. पायांत धड चपला नव्हत्या.

रंगनाथचा चेहरा फुलला. "आत्या! कार्ड मिळालं ना? कसं वाटलं?"

आत्या तशीच पुढे आली. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, खांदे चाचपले, ओले हात हातांत घेऊन पाहिले. आणि मग त्याच्या कानाखाली अशी सणसणीत ठेवून दिली, की आतून गुरुजी धावत बाहेर आले. मारून झाल्यावर ती तिथेच खाली बसली आणि हंबरडा फोडून रडू लागली.

गुरुजींनी पाणी दिले. आत्याने पदराची गाठ सोडली आणि ते कार्ड बाहेर काढले. घडी पडलेले, मळलेले. कापलेला कोपरा पाहताच गुरुजींनी डोळे मिटून घेतले.

"पोस्टमननं हे हातात नाही दिलं," आत्या म्हणाली. "ओट्याच्या कडंला ठेवलं अन् मान खाली घालून गेला. मी कोपऱ्याला हात लावला, तर कोपरा न्हाई. आरं, कोपरा तोडलेलं कार्ड कधी येतं? घरातलं माणूस गेलं म्हंजी येतं! मी ते उंबऱ्याच्या आत नेलं न्हाई. मास्तरांना भाईरच बोलवलं. त्यांनी उलटं धरलं, सुलटं धरलं. म्हणाले, लई नक्षीचं अक्षर आहे बाई, फकस्त रंगनाथ एवढं नाव लागतंय."

आत्याने पाण्याचा एक घोट घेतला.

"डोक्यावरनं पाणी घेतलं अन् एसटीत बसले. तुझी आई गेली तवा सगळी कार्डं मीच घेऊन बसले होते रं. एकेकाचा कोपरा ह्या हातांनी तोडला. तू मांडीला टेकून बघत होतास. इसरलास?"

रंगनाथला आठवले. जमिनीवर पडलेले कागदाचे ते छोटे तिकोनी तुकडे आठवले, आणि आपण ते गोळा करून खेळत होतो हेही आठवले.

"असलं कार्ड वाचून फाडायचं असतं," आत्या पुढे म्हणाली, "पण माझ्यानं फाडवंना. त्यावर खंड्या होता. सबंध वाटंनं मनाला म्हणत आले, गेलेल्या माणसाच्या कार्डाला कोण खंड्या लावतंय? पण पुन्हा हात कोपऱ्यावर जायचा."

रंगनाथ गुरुजींच्या पायांशी बसला. "गुरुजी, तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाहीत?"

गुरुजी वैतागून म्हणाले, "चुकलोच. सांगायला हवं होतं. मला वाटलं, एवढं कुणाला सांगावं लागतं का? आता ऐक. कार्ड डोळ्यांनी वाचायच्या आधी माणूस ते हातानं वाचतो. पोस्टमन वाटेवर दिसला, की वाट बघणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू होते. काय असेल, कुणाचं काय झालं असेल. त्याला वाचता येत असो वा नसो, पहिला अंगठा कोपऱ्यावर जातो. तिथे हळद लागली, की जीव खाली पडतो. मग सावकाश चष्मा शोधावा, शेजाऱ्याला हाक मारावी, तिकीट बघावं, अक्षराचं कौतुक करावं. तुझी सगळी कला त्यानंतरची, रंगनाथ. ती खोटी नाही. तुझ्या त्या खंड्यानंच हिला इथपर्यंत धीर दिला. पण तू नजर खंड्याकडे कशी जाईल याचा विचार केलास, आणि हात कुठे जाईल याचा केला नाहीस. म्हणून म्हणतो, कुणाला चाललंय ते बघ."

रंगनाथने ओला हात गालावर ठेवला. कानशील अजून चुरचुरत होते.

थोड्या वेळाने आत्यालाच एकदम आठवले. "आरं देवा! तिकडं गाव सुतकात बसलं असंल! तुझा बाप जेवला नसंल!"

रंगनाथ धावतच आत गेला. हाताला लागले ते जाडेभरडे कार्ड घेतले. पाटीवरच्यासारख्या ठसठशीत अक्षरांत लिहिले, 'मी खुशाल आहे. आत्या इथे सुखरूप आहे. आम्ही दोघे दिवाळीला येतो.' घरात होते ते साधे तिकीट घेतले आणि कोपऱ्यात सरळ चिकटवले. मग न सांगता हळदीची वाटी आणली. आधी त्याने आत्याच्या हातातले जुने कार्ड मागून घेतले, आणि कापलेल्या कोपऱ्याच्या काठाने हळदीचा अंगठा हळूच फिरवला. हे आधीच करायला हवे होते, हे त्याला कळत होते. आत्याने ते कार्ड परत घेतले, खंड्याला बोट लावून पाहिले आणि पुन्हा पदरात बांधले.

मग तो नव्या कार्डाकडे वळला. चार कोपरे झाले तरी त्याचे समाधान होईना. कडांना लावली, पाठीवर लावली, पत्त्याच्या भोवती लावली. कार्ड पिवळेजर्द झाले.

आत्या डोळे पुसत बघत होती. तिला राहवेना.

"आरं गाढवा! पुरं की आता! एवढी हळद बघून गावाला वाटंल, तुझं लगीन ठरलं!"

"वाटू दे," गुरुजी म्हणाले. "तेवढी चूक चालेल."